पावसात ऑल व्हील ड्राइव्ह गाडी मागून सुटते: आधी टायर बघायचे की मधला क्लच?

ओला रस्ता (धागाकर्ता)

तीनशेच्या वर हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद, कोरड्यात गाडी मुठीत. पाऊस पडला, लांब वळणावर अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागचा भाग बाहेर. अशी तक्रार आली की पहिला संशय मधल्या क्लचवर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणाऱ्या क्लचवर जातो. त्याचं ऑइल बदलतात, त्याला दाब देणारा पंप बदलतात, आणि पुढच्या पावसात गाडी पुन्हा तशीच. माझं मत ठाम आहे: टायर, हवा आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) मोजून होईपर्यंत ड्राइव्हट्रेनला, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांना, हात लावू नये.

ऑल व्हील ड्राइव्ह फक्त इंजिनाची ताकद वाटतं. ब्रेक आणि वळण यांची पकड टायरचीच. उलट ताकद चार चाकांत विभागल्यामुळे एकही चाक जागेवर फिरत नाही, रस्ता किती निसरडा आहे याची सूचना मिळत नाही आणि वळणावर वेग जास्त होऊन बसतो.

नक्षीची खोली प्रत्येक टायरवर तीन जागी मोजा: आतली कड, मध्य, बाहेरची कड. नवा टायर ७-८ मिमी असतो. बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, पण साचलेल्या पाण्यात ३ मिमीच्या खालीच टायर पाणी फेकायला कमी पडू लागतो. सस्पेन्शन खाली बसवलेल्या गाडीत बाहेरून ५ मिमी दिसतात आणि आतल्या कडेला २ निघतात. उभं राहून बघणाऱ्याला ते दिसतच नाही. वयही बघा: टायरच्या बाजूवर २३१९ असा आकडा असेल तर टायर २०१९च्या २३व्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असू शकतं.

चारही टायर एकाच मापाचे असतील तर त्याच बाजूचे पुढचे मागे, मागचे पुढे करा. दोषाने जागा बदलली तर टायरच.

लॉग आधी

असहमत. "ड्राइव्हट्रेनला हात लावू नका" हे टॉर्सन डिफरेन्शियलच्या (गिअरनेच ताकद वाटणाऱ्या) गाडीला ठीक. तिथे सगळं यांत्रिक असतं, सहसा बिघडत नाही. हॅल्डेक्ससारख्या इलेक्ट्रॉनिक क्लचचं तसं नाही. पाचव्या पिढीच्या हॅल्डेक्समध्ये बदलण्याजोगा वेगळा फिल्टर नाही, पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. क्लचची झीज त्या जाळीवर बसते आणि दाब कमी पडतो. कित्येकदा फॉल्ट कोडही येत नाही. नुसतं ऑइल बदलून जाळी तशीच राहते, म्हणून "ऑइल बदललं, फरक नाही" असं ऐकू येतं. पंप काढून जाळी धुवायला हवी.

आणि लॉगला, म्हणजे गाडीच्या सेन्सरची नोंद घ्यायला, पाना लागत नाही. स्कॅनर लावा, सपाट सरळ रस्त्यावर ताशी ६० किमीच्या स्थिर वेगाने चालवा, चारही चाकांचे वेग, स्टिअरिंगचा कोन आणि यॉ सेन्सर (गाडी स्वतःभोवती किती वळतेय ते मोजणारा) नोंदवा. सरळ जाताना स्टिअरिंगचा कोन शून्याच्या अगदी जवळ हवा. अलाइनमेंटनंतर सेन्सर शून्यावर आणायचं राहून गेलं असेल तर ईएससीला, म्हणजे घसरण रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला, वाटतं चालक वळवतोय, ती भलत्याच चाकाला ब्रेक लावते आणि चालकाला वाटतं गाडी मागून झटका देतेय. हे टायर बदलून कधीच जाणार नाही.

टायरमधला फरकही त्याच लॉगमध्ये दिसतो. खोलीत १ मिमी फरक म्हणजे भूमितीने परिघात ६.३ मिमी. सुबारू चारही टायरच्या परिघात पाव इंच, म्हणजे ६.४ मिमीपर्यंतच फरक चालवून घेते.

ओला रस्ता

सेन्सरचा मुद्दा मान्य, तो यादीत वर हवा. पण पंपाचं लक्षण वेगळं. पंप कमजोर असेल तर गाडी जवळजवळ फ्रंट व्हील ड्राइव्ह होते: वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दिला की पुढची चाकं फिरतात, नाक बाहेर जातं. इथे तक्रार पाय उचलल्यावरची आहे. त्या क्षणी हा क्लच तसाही बहुतेक मोकळा असतो. मोकळा क्लच मागचा भाग कसा फेकेल?

लॉग आधी

मोकळा असायला हवा, असतोच असं नाही. क्लच चिकटत असेल तर पाय उचलल्यावर इंजिनाचा ब्रेक मागच्या चाकांवरही येतो, आणि ओल्यात तेवढं पुरतं. खात्री करणं सोपं आहे: मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा. मागून धडधड किंवा अडखळणं जाणवलं तर क्लच सुटत नाहीये.

टो आणि बुश

दोघांच्या यादीत सस्पेन्शन शेवटी येतंय. अलाइनमेंटचा कागद सगळा हिरवा असला म्हणजे झालं असं नाही, तो कागद उभ्या गाडीचा असतो. मागच्या आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, फाटले असतील तर पाय उचलताना किंवा ब्रेक लावताना चाक टो-आउटमध्ये जातं, म्हणजे त्याचं पुढचं टोक बाहेर वळतं, आणि मागचं टो-आउट म्हणजे ओल्यात थेट घसरण. पहारीने आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म ज्याला जोडलेले असतात त्या चौकटीच्या) मध्ये रेटा, रबराच्या भेगा उघडतात. आधी बुश, मग अलाइनमेंट. उलट केलं तर अलाइनमेंट पुन्हा करावी लागते.

दुसरं, ओल्या रस्त्यावर पकड कमी म्हणून गाडी झुकतेही कमी. कोरड्यासाठी ठेवलेला उणे अडीच अंशाचा कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकलेला कोन) तिथे टायरला आतल्या कडेवर चालवतो. मागचा जाड अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) बसवला असेल तर मागची पकड आधी सुटते. त्याला भोकं असतील तर एक भोक मऊ बाजूला सरकवा आणि पुन्हा तपासा. याला खर्च शून्य.

थंड डांबर

हवा ४-५ पीएसआय (टायरमधल्या दाबाचं माप) कमी करून बघितली का? टायर जास्त पसरतो, लवकर गरम होतो.

ओला रस्ता

साचलेल्या पाण्यात हे उलटं आहे. नासाच्या १९६३च्या सूत्राप्रमाणे टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग नॉट्समध्ये ९ गुणिले हवेच्या दाबाचं वर्गमूळ, दाब पीएसआयमध्ये. ३६ पीएसआयला साधारण ताशी १०० किमी, २८ला ८८. सूत्र विमानाच्या टायरवरून आलंय, त्यामुळे रुंद मोटारटायरला आकडा जसाच्या तसा लागू नाही, पण दिशा तीच. टायर थंड असताना दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलेला दाब भरा, त्याहून कमी नको.

थंड डांबर

मी नुसत्या ओलसर, थंड रस्त्याबद्दल बोलतोय. पाणी साचलेलं नसेल तर ट्रॅकवर हवा कमी करतातच.

टो आणि बुश

ट्रॅकवर पुढचं वळण माहीत असतं. रस्त्यावर पुढचं डबकं माहीत नसतं. रस्त्यासाठी हा सल्ला नको.

लॉग आधी

चाचणीबद्दल लिहितो, कारण वाद तिथेच मिटेल. क्लचचा फ्यूज काढून तुलना करायचा सल्ला बरेच देतात. करू नका, अनेक गाड्यांत त्याबरोबर ईएससीही बंद पडते. बंद, मोकळी, ओली केलेली जागा घ्या, ३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. ताशी २५ किमीपासून सुरुवात, दर फेरीला ५ वाढवा. चांगल्या ओल्या डांबरावर साधारण ४५ ते ५०ला पकडीची सीमा येते. तिच्या जरा अलीकडे तीन फेऱ्या: स्थिर अॅक्सिलरेटर, हळूच वाढवत, आणि हळूच पाय उचलत. मग दिशा बदलून परत. ईएससी पूर्ण वेळ चालू, लॉग चालू.

स्थिर वेगातही मागून सुटते तर टायर किंवा बार. वाढवताना नाक जातं तर क्लच. फक्त उचलताना सुटते तर बुश, टो, नाहीतर चिकटलेला क्लच. फक्त डावीकडे वळताना होतं आणि उजवीकडे नाही, तर स्टिअरिंग सेन्सर किंवा एका बाजूचा टो.

ओला रस्ता

चालेल, पण ही चाचणी नक्षी आणि हवा मोजल्यानंतरच. मागे २ मिमी असताना वर्तुळात फिरलात तर लॉगमध्ये टायरशिवाय काहीच वाचता येणार नाही.

लॉग आधी

वर्तुळापुरतं मान्य. सरळ रस्त्यावरचा लॉग मात्र मी टायर काढण्याआधीच घेईन. पुढचे-मागचे टायर बदलले की चाकांच्या वेगातला मूळ फरक परत मिळत नाही.