ताठरतेचा प्रश्न 'डोक्यातला'च असतो असं नाही

संभोगाच्या वेळी लिंगाला नीट ताठरता येत नाही, या तक्रारीवर इथे दोघातिघांनी 'टेन्शन घेऊ नका, सगळं मनात असतं' असं लिहिलंय. तिशीच्या आतल्यांना ते बऱ्याचदा लागूही पडतं. पण पन्नाशीच्या, मधुमेह असलेल्या माणसाला एवढंच सांगून घरी पाठवणं धोक्याचं आहे.

लिंगात रक्त नेणाऱ्या रोहिण्या जेमतेम १ ते २ मिमी रुंद, हृदयाच्या ३ ते ४ मिमी. चरबीचा थर दोन्हीकडे साचतो, पण बारीक नळी आधी तुंबते. म्हणून ताठरता कमी होणं ही कधीकधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची. तेव्हा साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासून घ्याच. मधुमेहात रक्तवाहिन्यांसोबत मज्जातंतूही खराब होतात, म्हणजे दुहेरी मार. सिगारेटचं वेगळं सांगायला नको.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. पहाटे झोपेतून उठताना ताठरता नीट असते आणि जोडीदारासोबत असतानाच घोळ होतो, तर मानसिक कारणाची शक्यता जास्त. पहाटेचीही हळूहळू गेली असेल तर शरीरात शोधा. अर्थात दोन्ही एकत्रही असतं: एकदा फसलं की पुढच्या वेळी धास्तीच काम बिघडवते.

गोळ्यांचा विषय कुणी काढलाच नाही! रक्तदाबाच्या आणि नैराश्यावरच्या काही औषधांनीही ताठरता कमी होते. मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी सिल्डेनाफिलला (ताठरतेसाठीची गोळी, व्हायग्रा) हातही लावू नये, रक्तदाब एकदम कोसळतो.