वनस्पतिजन्य दाहशामक औषधे: मूळ रेणू की त्यावरून घडवलेला रेणू?

धागाकर्ता: वनस्पतींतून दाहशामक औषध शोधण्याचे बरेचसे श्रम चुकीच्या जागी खर्च होतात, असे माझे मत आहे. अर्कातून एखादा रेणू वेगळा करायचा, कॅराजिनन हा सूज आणणारा पदार्थ टोचून सुजवलेल्या उंदराच्या पंजावर त्याने उतार पडतो हे दाखवायचे आणि 'आशादायक' असा शेरा मारून थांबायचे, हा परिपाठच झाला आहे. ती सूज काही तासांची असते. वर्षानुवर्षे सांधे पोखरणाऱ्या आजाराविषयी ती फारसे काही सांगत नाही.

हळदीतल्या करक्युमिनचेच पाहा. काचपात्रातल्या पेशींत ते एनएफ-कप्पा-बी (दाहाची जनुके चालू करणारे प्रथिन), कॉक्स-२ (दाह वाढवणारे विकर) अशा असंख्य लक्ष्यांवर परिणाम दाखवते, पण तोंडावाटे घेतल्यास आतडे व यकृत त्याचे इतक्या झपाट्याने रूपांतर करतात की रक्तात मूळ रेणू नाममात्रच उरतो. शिवाय हा रेणू अस्थिर आहे, अनेक प्रथिनांशी तो वाटेल तसा अभिक्रिया करतो आणि स्वतःच्या प्रकाशमानतेमुळे चाचणीचे वाचनही बिघडवू शकतो. तेव्हा वनस्पतीचा रेणू हा आरंभबिंदू मानावा, औषध मानू नये. विलोच्या सालीतल्या सॅलिसिनपासून सॅलिसिलिक आम्ल मिळाले, तरी १८९७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स हॉफमन यांनी त्याला अ‍ॅसिटिल गट जोडलेले शुद्ध रूप तयार केल्यावरच आजचे अ‍ॅस्पिरिन हाती आले.

प्रतिसाद १: हे सरसकट विधान मला मान्य नाही. कोल्चिकम या वनस्पतीतून १८२० मध्ये वेगळे केलेले कोल्चिसिन आजही रचनेत कोणताही बदल न करता दिले जाते. पेशींच्या हालचालीला लागणाऱ्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून ते न्यूट्रोफिल या दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल रोखते, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोडोको-२ चाचणीत, दीर्घकालीन हृदयधमनी विकार असलेल्या ५,५२२ रुग्णांपैकी ज्यांना रोज ०.५ मिलिग्रॅम कोल्चिसिन दिले, त्यांच्यात हृदयविकाराच्या घटनांचा धोका प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली गोळीच्या) तुलनेत सुमारे ३१ टक्क्यांनी कमी आढळला. वनस्पतीचा रेणू नुसता आरंभबिंदूच असता तर हे घडले नसते.

धागाकर्ता: कोल्चिसिन अपवाद आहे, आणि तो माझ्याच बाजूचा. गाउटवर (युरिक आम्ल साचून होणाऱ्या संधिवातावर) ते माणसांत उपयोगी पडते हे आधी माहीत होते. यंत्रणा नंतर उलगडली. उपचाराची आणि विषबाधेची मात्रा यांतले अंतरही फार थोडे आहे. आज ते नव्याने सापडले असते, तर विषारीपणाच्या पहिल्याच चाळणीत बाद झाले असते.

प्रतिसाद १: मग दोष चाळणीचा आहे, रेणूचा नव्हे!

प्रतिसाद २: रचना बदलली की प्रश्न सुटतो, हेही पूर्ण खरे नाही. रोफेकॉक्सिब हे केवळ कॉक्स-२ वर नेमके काम करावे म्हणून घडवलेले पूर्णतः कृत्रिम औषध होते, तरीही हृदयविकाराचा धोका वाढल्याचे दिसल्याने २००४ मध्ये ते मागे घ्यावे लागले. उलट, अ‍ॅस्पिरिन कॉक्स विकराला कायमचा निकामी करते, हा गुण हॉफमन यांनी योजलेला नव्हता. दाह व वेदना वाढवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती ते रोखते हेसुद्धा औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. माझ्या मते आधी रेणू रक्तात किती पोहोचतो हे मोजावे. काचपात्रात परिणाम देणाऱ्या मात्रेच्या जवळपासही तो पोहोचत नसेल, तर उंदराच्या पंजाची वेळ येण्याआधीच काम थांबवावे. मग तो रेणू झाडातला असो वा प्रयोगशाळेतला.