मदत हवी आहे: फेराइटच्या पेलेटमधली ओल मोजमापातून वेगळी कशी काढायची?

नमस्कार मंडळी. सोल-जेल ऑटो-कंबशनने (जेल पेटवून पूड करायची पद्धत) केलेल्या निकेल-झिंक फेराइटच्या (लोहयुक्त चुंबकीय सिरॅमिक) भाजलेल्या पेलेटवर, म्हणजे पूड दाबून केलेल्या चकतीवर, सिल्व्हर पेस्ट लावून एलसीआर मीटरवर (धारिता, रोध वगैरे मोजणारं यंत्र) मोजमाप चालू आहे. वारंवारता वाढली की डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विद्युतभार किती साठवतो त्याचं माप) घसरतो, ते मॅक्सवेल-वॅग्नर मांडणीप्रमाणेच (वाहक कण आणि त्यांच्यामधल्या रोधक कणसीमा असं चित्र). पण पावसाळी हवेत 100 हर्ट्झला तीच पेलेट उन्हाळ्यापेक्षा कितीतरी मोठा आकडा दाखवते. 1 मेगाहर्ट्झला फरक जवळपास नाहीच. सच्छिद्र पेलेट ओल धरत असणार. मग कणसीमांचा खरा वाटा कसा ओळखायचा? नायक्विस्ट आलेखात (प्रतिबाधेचा वास्तव भाग विरुद्ध काल्पनिक भाग) एकच दबलेलं अर्धवर्तुळ येतं, त्यामुळे कण आणि कणसीमा वेगळे दिसत नाहीत. आधी तापवून कोरड्या नायट्रोजनमध्ये मोजलं तर चालेल का? तापवल्याने फेरस-फेरिकचं (Fe²⁺ आणि Fe³⁺ या लोहाच्या आयनांचं) प्रमाण बदलेल आणि त्याबरोबर वाहकताही, ही धास्ती वाटते. कुणी केलं असेल तर तापमान आणि वेळ नक्की कळवा.