मदत हवी आहे: बाबांच्या कारखान्याची डीव्हीडी संगणकावर घेताना चित्र फाटतंय, आवाज मागे पडतोय

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची, अशोक चौकाजवळ राहते. दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर बुटाच्या खोक्यात अकरा डीव्हीडी सापडल्या. चार ताईच्या लग्नाच्या, तीन भाच्याच्या बारशाच्या आणि वाढदिवसांच्या, दोन गड्डा यात्रेच्या, एक कारखान्याची आणि एक ती तळहाताएवढी छोटी, दाजींच्या हँडीकॅममधली. लग्नाच्या नाही मिळाल्या तरी चालेल, असं ताई स्वतःच म्हणते. माझा जीव अडकलाय तो कारखान्याच्या डीव्हीडीत.

बाबांनी आयुष्यभर जकार्डच्या मागावर चादरी विणल्या. २००९ साली दाजी पहिल्यांदा कारखान्यात आले, तेव्हा त्यांनी कॅमेरा लावला आणि बाबा त्यांना एकेक गोष्ट दाखवत फिरले. बीम कसा चढवायचा, नक्षीचे पत्ते कसे ओवायचे, तुटलेला धागा एवढ्या गर्दीत बोटांनी कसा हुडकायचा. ५८ मिनिटं. घरात आम्ही तेलुगू बोलतो, त्यामुळे बाबा तेलुगूत सुरुवात करतात आणि कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं की मराठीत येतात. मागांच्या खडखडाटात मोठ्यानं बोलायची त्यांची सवय होती, ती तशीच्या तशी त्यात आहे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. कारखाना त्याच्या आधीच बंद झाला, माग भंगारात गेले. बाबा काम करताना दिसतात असं आमच्याकडे एवढंच शिल्लक आहे.

आधी मी ती डीव्हीडी इथल्याच एका दुकानात दिली. त्यांनी पेनड्राइव्हवर १७४ एमबीची फाईल दिली आणि ‘एचडी करून दिलंय’ म्हणाले. घरी लावली तर बाबांचा चेहरा आडवा पसरलेला, चादरीवरच्या नक्षीचा नुसता लगदा, आणि मागाचा आवाज पत्र्यावर पाऊस पडावा तसा. बाबांचे शब्द त्यात बुडून गेलेत. परत गेले तर म्हणाले, मूळच तसं आहे. मूळ तसं नाही. आमच्या जुन्या प्लेअरवर मी ते शंभर वेळा पाहिलंय.

म्हणून यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह विकत घेतला आणि स्वतः बसले. डीव्हीडी उघडली तर आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर आणि त्यात व्हीओबीच्या चार मोठ्या फायली. एका फुकटच्या कन्व्हर्टरमधून चारही वेगवेगळ्या एमपी४ केल्या आणि मग जोडल्या. तर जिथे जोड येतो तिथे बाबांचं वाक्य मधेच तुटतं, आणि तिसऱ्या तुकड्यापासून ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. दुसरं म्हणजे जे काही जोरात हलतं, त्याच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. धोटा (आडवा धागा घेऊन धावतो तो) तर दिसतच नाही, त्याच्या जागी नुसते दात. टीव्हीवर हे असं कधीच दिसलं नव्हतं. आणि ४१ व्या मिनिटाला ड्राइव्ह घरघरतो आणि अडकतो, तिथे डीव्हीडीवर ओरखडा आहे.

फाईल लहान हवी, कारण ती ताईला, काकांना आणि भिवंडीच्या आत्यांना द्यायची आहे. पण लहान करताना काय जातं आणि काय राखता येतं, हे मला समजून घ्यायचं आहे. कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. मला घाई नाही.

कडकभाकरी:

ताई, कन्व्हर्टर आधी बंद करा. पहिलं काम म्हणजे डीव्हीडी आहे तशी, एकही बिट न बदलता संगणकावर उतरवून घेणं. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती एका सेंद्रिय रंगाच्या थरावर असते, आणि तो थर ऊन आणि उष्णता लागली की खराब होत जातो. सोलापूरचा मे महिना आणि पत्र्याखालचा माळा डोळ्यासमोर आणा. आज ४१ व्या मिनिटाला अडतंय, पुढच्या वर्षी आणखी कुठे अडेल. सगळ्या अकरांच्या आयएसओ फायली, म्हणजे अख्ख्या डीव्हीडीची एका फाईलमधली हुबेहूब नक्कल, करून ठेवा. एकीला जास्तीत जास्त साडेचार जीबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे सगळ्या मिळून ५० जीबीच्या आत. आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही. चांगल्या डीव्हीडींसाठी इमेजबर्न हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरेल.

ओरखड्याबद्दल: मऊ सुती कापड, पाण्यात साबणाचा एखादा थेंब, आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं. गोल फिरवून पुसू नका. माहिती गोल वळणावर लिहिलेली असते, त्यामुळे गोल ओरखडा उठला तर लांबलचक सलग भाग जातो. आडवा छेद गेला तर प्रत्येक वळणाचा जरासा भाग जातो आणि तो ड्राइव्हला दुरुस्त करता येतो. टूथपेस्ट वगैरे उपाय कुणी सुचवतील, ते अजिबात करू नका.

तरीही अडलं तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर आहे. उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) पेनड्राइव्हवरून सुरू करून चालवता येतं. ते आधी चांगला भाग उचलतं, मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा जातं आणि काय मिळालं, काय राहिलं याची नोंद एका फाईलमध्ये ठेवतं. तीच नोंद घेऊन दुसऱ्याच्या ड्राइव्हवर पुढे सुरू करता येतं. एका ड्राइव्हला न वाचता आलेली जागा दुसरा वाचतो, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

जुनीटेप:

रेघांचं कारण मी सांगतो, आणि तुम्ही विणकराच्या घरातल्या आहात म्हणून तुम्हाला ते पटकन कळेल.

साध्या विणीत एका फेऱ्याला विषम धागे वर जातात, दुसऱ्या फेऱ्याला सम धागे. जुन्या टीव्हीचं चित्रही तसंच विणलेलं असतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्राच्या ५७६ ओळी. त्यातल्या २८८ विषम ओळी आधी टिपल्या जातात आणि २८८ सम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. जुना टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा, म्हणून हालचाल गुळगुळीत दिसायची. संगणकाचा पडदा मात्र दोन्ही अर्धी एकदम दाखवतो. मधल्या वेळात धोटा पुढे गेलेला असतो, म्हणून विषम ओळींत तो एका जागी आणि सम ओळींत दुसऱ्या जागी. तेच तुमचे फणीचे दात. डीव्हीडीत काही बिघाड नाही.

हे अर्धे भाग सोडवून घ्यायच्या कामाला डीइंटरलेस करणं म्हणतात. बहुतेक जण त्यातही चूक करतात. ५० अर्ध्यांतून २५ पूर्ण चित्रं करतात, आणि टिपलेल्या हालचालीतली अर्धी फेकून देतात. लग्नात आहेर देताना उभ्या माणसांना ते चालतं. मागाला नाही. तुमच्या बाबांच्या बोटांना तर नाहीच. प्रत्येक अर्ध्यापासून एक पूर्ण चित्र करा, सेकंदाला ५०. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये याला बॉब म्हणतात.

दुकानाच्या फाईलबद्दल: ५८ मिनिटांना १७४ एमबी म्हणजे सेकंदाला साधारण ४०० किलोबिट. तुमची डीव्हीडी जवळजवळ भरलेली असेल तर तिच्यात सेकंदाला ९,००० च्या आसपास आहेत. डीव्हीडीवरच्या एमपेग-२ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीपेक्षा एच.२६४ ही नवी पद्धत बरीच काटकसरी आहे, हे खरं, पण इतकी नाही. चादरीची नक्षी, चालता माग, हँडीकॅमचे दाणे, यांत प्रत्येक फ्रेमला सगळंच बदलतं, त्यामुळे दाबायला काही उरत नाही. आणि ‘एचडी’ म्हणजे त्यांनी ४:३ चं (जुन्या टीव्हीच्या आकाराचं) चित्र ताणून १६:९ (रुंद टीव्ही) मध्ये बसवलं, बाकी काही नाही.

होटगीरोड:

हल्ली एआयवाली सॉफ्टवेअरं जुनं चित्र एकदम ४के करून देतात. आमच्या घरच्या लग्नाचं केलं होतं, सगळे खूश झाले. आणि एच.२६५ वापरा, फाईल अजून लहान होते.

जुनीटेप:

एआयला माझा ठाम विरोध आहे, निदान या डीव्हीडीसाठी तरी. ते नसलेला तपशील अंदाजानं रंगवतं. ५७६ ओळींत दूर उभ्या माणसाचा चेहरा फार थोड्या ठिपक्यांचा असतो, त्यातून ते दुसराच गुळगुळीत चेहरा तयार करतं. पुढे कधी करून पाहायचं तर मूळ प्रत हाताशी आहेच. एच.२६५ वाईट नाही, पण भिवंडीच्या आत्यांकडचा टीव्ही ते वाचेल याची खात्री काय? एच.२६४ २००३ पासून आहे, सगळीकडे चालतं.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. फणीचं वाचून आईला समजावून सांगितलं, ती लगेच म्हणाली, ‘मग सुटे करा की ते धागे.’

एक विचारायचं राहिलं. तुकडे जोडताना वाक्य तुटतं, त्याचं काय? आणि हँडब्रेकमध्ये नेमकं काय काय निवडायचं?

जुनीटेप:

व्हीओबीचे तुकडे हे वेगवेगळे कार्यक्रम नाहीत. डीव्हीडीच्या नियमानं एक फाईल १ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून सलग ताग्याला कात्री लावलेली असते, वाक्याच्या मधेच का असेना. वेगवेगळे बदलून जोडलेत म्हणून आवाज सरकला. कुठून कुठपर्यंत सलग वाजवायचं ते शेजारच्या आयएफओ फायलीत लिहिलेलं असतं. म्हणून तुकड्यांना हात लावू नका, हँडब्रेकला अख्खी आयएसओ द्या. मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरनंही एक सलग एमकेव्ही फाईल मिळते, आतलं चित्र न बदलता, आणि डीव्हीडीसाठी ते फुकट आहे. घरच्या डीव्हीडीला कुलूप नसतं, त्यामुळे सिनेमाच्या डीव्हीडीला येणारी अडचण इथे येणार नाही.

हँडब्रेकमध्ये फिल्टर्समध्ये डीइंटरलेसला बीडब्ल्यूडीआयएफ हा पर्याय आणि त्यात बॉब. व्हिडिओमध्ये फ्रेमरेट स्वतः ५० निवडा. तयार साच्यांत २५ ची मर्यादा असते, ती तशीच राहिली तर बॉब करून काही उपयोग नाही. क्वालिटीला आरएफचा आकडा असतो, तो जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. या आकाराच्या चित्राला १८ ते २२ ठीक. तुम्ही १९ ठेवा. आकाराला हात लावू नका, ॲनामॉर्फिक ऑटोमॅटिक असू द्या, म्हणजे ७२० बाय ५७६ चं चित्र बरोबर ४:३ दिसेल. आवाजाला एसी३ पासथ्रू, म्हणजे डीव्हीडीवरचा आवाज जसाच्या तसा. मागाचा खडखडाट हा दाबायला सर्वात अवघड आवाज आहे, त्यात बाबांचे शब्द आहेत. तिथे पाच-पन्नास एमबी वाचवू नका.

आधी दोन मिनिटांचा तुकडा करून पाहा, धोटा चालू असलेला.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनंतर):

उशीर झाला, माफ करा. भाच्यानं उबंटूचा पेनड्राइव्ह करून दिला. डीडीरेस्क्यू पहिल्या रात्री आमच्या ड्राइव्हवर चालवलं, मग तीच नोंद घेऊन विजापूर रोडला मैत्रिणीच्या जुन्या डेस्कटॉपवर गेले. तिथे बराच भाग सुटला. शेवटी ४८ सेक्टर राहिले. एक सेक्टर २,०४८ बाइटचा, म्हणजे सगळे मिळून १०० किलोबाइटही नाहीत. ४१ व्या मिनिटाला जेमतेम अर्धा सेकंद चित्राच्या चौकटी होतात, आवाज एकदा टचकन तुटतो आणि पुढे सगळं नीट. बाबा तेव्हा कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे आहेत.

हँडब्रेकची फाईल १.९ जीबीची झाली. आरएफ २२ लाही करून पाहिलं, पण नक्षीतले पांढरे ठिपके विरघळायला लागले, म्हणून १९ वरच थांबले. ५० फ्रेमनं काय फरक पडतो ते लिहून सांगता येणार नाही. धागा हुडकताना बाबांची बोटं तारेवरून फिरल्यासारखी फिरतात आणि एका जागी थांबतात, ते थांबणं आता दिसतं. २५ वाल्या फाईलमध्ये बोटं नुसती इकडून तिकडे जायची.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवल्यावर ते पुन्हा दाबून टाकतं हे पहिल्याच दिवशी कळलं, काकांना परत लगदा गेला. आता आत्यांना आणि ताईला पेनड्राइव्ह दिलेत. आयएसओच्या दोन प्रती केल्या, एक माझ्याकडे, एक पुण्याला दाजींकडे. बाकीच्या नऊ डीव्हीडी इमेजबर्ननं न अडता उतरल्या. गड्ड्याच्या एकीत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत गर्दीत बाबा दिसतात, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

राहिली ती छोटी. संगणक म्हणतो कोरी आहे, पण मागच्या बाजूला लिहिल्याची रंगीत कड स्पष्ट दिसते.

कडकभाकरी:

फायनलाइज करायची, म्हणजे लिहून झाल्यावर इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद करायची, राहिलेली असणार. ज्या हँडीकॅममध्ये लिहिली, त्याच्यातच घालून मेनूमधून फायनलाइज करा, मग संगणक वाचेल. फॉरमॅट किंवा इनिशियलाइज असं काही विचारलं तर चुकूनही हो म्हणू नका. कॅमेरा चालूच झाला नाही तर आयसोबस्टर या सॉफ्टवेअरला अशा डीव्हीडी वाचता येतात. आणि छोटी डीव्हीडी ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्येच घाला, मधल्या खोलगट वर्तुळात. फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये अडकून बसेल.

धागाकर्ती:

कॅमेरा दाजींकडे आहे, चार्जर हरवलाय, बॅटरी फुगलीय. नवी पेठेत दोन-तीन ठिकाणी विचारलं, नाही म्हणाले. छोटी डीव्हीडी चालणाऱ्या जुन्या हँडीकॅमचा चार्जर सोलापुरात कुणाकडे पडून असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कॅमेरा घेऊन मी तिथे येईन, तुमच्यासमोरच फायनलाइज करीन आणि चार्जर लगेच परत देईन.