मदत हवी आहे: जुन्या लाल पेला-कवकांच्या बीजाणूंत तेलाचे थेंब दिसत नाहीत

करवंद_७: तीन दिवस झाले, डोकं चालत नाहीये. पाकिटावर सार्कोसिफा कॉक्सिनिया (लाल पेला-कवकाची एक जात) लिहिलंय. बीजाणूंत तेलाचे वेगळे थेंब नाहीत, एकच मोठा गोळा दिसतो. थेंबांवरून जात ओळखून परवा नोंद द्यायची आहे. काय करू?

अनघा_स्लाइड: नमुना किती जुना? भिजवलात कशात? कुठून गोळा केलाय?

रानभूल: मेल्झर (आयोडीनचं द्रावण) घाला. अस्कसचं, म्हणजे बीजाणूंच्या पिशवीचं, टोक निळं झालं की काम झालं.

अनघा_स्लाइड: @रानभूल, निळं टोक पेझायझाचं, ती पेला-कवकांची दुसरी प्रजाती. सार्कोसिफाचं निळं होतच नाही, त्यातून काय कळणार?

रानभूल: माझे बरेच नमुने त्यानेच सुटलेत, म्हणून सांगितलं.

करवंद_७: विद्यापीठाच्या हर्बेरियमचा (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचा) आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) भिजवला.

पानगळ: पाकीट आधी उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवा, भुंगे फार नासाडी करतात. आणि जुन्या नमुन्यांवर पाऱ्याचं विष मारलेलं असू शकतं, हातमोजे घालाच.

करवंद_७: भुंग्यांचं नाही विचारलं हो! थेंबांचं विचारलंय.

अनघा_स्लाइड: थेंब ताज्या, जिवंत बीजाणूंतच बघायचे असतात. वाळल्यावर ते एकमेकांत मिसळतात, म्हणून तुम्हाला एकच गोळा दिसतोय. केओएचने पेशी फुगतात, तेव्हा मापं पाण्यातल्या स्लाइडवर घ्या. नमुना कुठला, ते अजून सांगितलं नाहीत.

जुनं_दप्तर: अशा संग्रहांचं मोल फार आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कवकतज्ज्ञ एलायस ड्युरँड यांचा पेला-कवकांचा संग्रह आहे. जिओग्लॉसेसी या कवक-कुळावरचं त्यांचं काम १९०८ चं.

करवंद_७: लेबलवर न्यूयॉर्क राज्य, बासवूड झाडाची फांदी.

अनघा_स्लाइड: हे पहिल्याच ओळीत हवं होतं! खरी कॉक्सिनिया उत्तर अमेरिकेत पॅसिफिक किनाऱ्याकडची. पूर्वेला सार्कोसिफाच्याच दुसऱ्या जाती, डड्लेयी किंवा ऑस्ट्रिआका. बासवूड म्हटल्यावर डड्लेयीकडेच कल जातो, पण यजमानावर (कवक ज्या लाकडावर वाढलं त्यावर) निकाल लावू नका. पेल्याच्या बाहेरचे केस बघा, ते वाळल्यावरही टिकतात. पिळलेले, गुंडाळलेले असले तर ऑस्ट्रिआका. शिवाय बीजाणूची टोकं: डड्लेयीची गोल, ऑस्ट्रिआकाची बहुधा चपटी.

रानभूल: मग डीएनए का नाही काढत?

अनघा_स्लाइड: नमुना संपतो हो! टाइप (ज्यावरून जातीचं नाव ठरलं तो मूळ नमुना) असला तर संग्रहाच्या अभिरक्षकाच्या परवानगीशिवाय कणही काढू नये. @करवंद_७, टाइप आहे का?

करवंद_७: लेबलवर तसं काही नाही. केस जवळजवळ सरळ, टोकं गोल. म्हणजे डड्लेयी. मूळ लेबल तसंच ठेवून या नावाची नवी चिठ्ठी जोडली तर चालेल ना?

अनघा_स्लाइड: तसंच करायचं. चिठ्ठीवर तुमचं नाव, तारीख आणि केस कशात पाहिले तेही लिहा.