मदत हवी आहे : १ डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी मराठी मजकूर

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या सोसायटीत यंदा १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनानिमित्त, जो १९८८ पासून जगभर पाळला जातो, तासाभराचा कार्यक्रम घेण्याचे ठरले असून मजकुराची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

मागच्या वेळच्या फलकावर कवटीचे चित्र होते, ते मला मुळीच नको आहे. गेल्या महिन्यात एका घरी कामाच्या बाईंचा स्टीलचा कप, काठाला लाल दोरा बांधून, खिडकीत वेगळा ठेवलेला मी पाहिला. कारण विचारले तर कुजबुजत "तिच्या नवऱ्याला ते आहे" एवढेच उत्तर मिळाले. कपातून, स्पर्शातून किंवा डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही, हे शिकल्यासवरल्या घरांतही अजून सांगावे लागते.

खरी अडचण पुढेच आहे. नियमित औषधोपचाराने रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, ही गोष्ट आजीलाही कळेल अशा मराठीत कशी लिहावी? माझा मसुदा सरकारी परिपत्रकासारखा वाटतो.

शासकीय एआरटी केंद्रात (जिथे एचआयव्हीवरची औषधे मिळतात) समुपदेशन केलेले कोणी बोलायला येऊ शकेल का? भोसरीच्या पूर्वीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत (आता नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च) वक्त्यासाठी विनंती कोणाकडे करावी, हेही कळवावे. फलकावर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आणि भेदभावाला मनाई करणारा २०१७ चा कायदा घेतला आहेच.