प्रति: स्पेशालिटी कॉफी म्हणजे नुसता दिखावा?
वर कोणीतरी म्हटलंय की स्पेशालिटी हा फक्त महाग विकायचा शब्द आहे, अर्धं पटतं. मुळात त्याला मोजमाप आहे, जाणकार चव घेऊन १०० पैकी मार्क देतात आणि ८० किंवा जास्त पडले तरच स्पेशालिटी, पण हल्ली कॅफेवाले बोर्डावर काहीही लिहितात आणि वरून हेझलनट सिरप ओतलं की बीन्स चिकमगळूरचे होते का कुठले, काय कळणार कपाळ! मी पाकिटावर रोस्टची, म्हणजे बीन्स भाजल्याची तारीख आहे का तेवढं आधी बघतो, नुसती एक्स्पायरी छापली असेल तर परत ठेवून देतो. फिल्टर कॉफीचं पाकीटही उलटून वाचा, चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते कायद्याने, म्हणजे जवळजवळ निम्मी कॉफी नाहीच, चिकोरीच्या झाडाचं भाजलेलं मूळ. (मला ती आवडते, तो भाग वेगळा.) चहाचं म्हणाल तर अमृततुल्यला सीटीसीच (नेहमीची दाणेदार, कडक चहा पावडर) पाहिजे, दूध-साखर-वेलचीत दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश (वसंतातल्या पहिल्या तोडणीचा चहा) उकळणं म्हणजे पैसे वाया, तो नुसत्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून गाळायचा, दूध अजिबात नको.